हॉलिवूडच्या सुवर्णकाळातलं छायालेखनाचं ऑस्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने अमेरिकी सिनेमे पाहणारी मंडळी नटनट्यांची नावं घडाघडा सांगतात, दिग्दर्शकही ओळखतात. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव मात्र क्वचितच कुणाला आठवतं. त्या माणसांवर माझा फार जीव आहे. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या पुरस्काराबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह इथे एकत्र ठेवले आहेत.

छायालेखनाचा पुरस्कार नेमका कुणाला मिळतो? कॅमेरा चालवणाऱ्याला?

नाही. मोठ्या स्टुडिओत कॅमेरा हाताळणारा ऑपरेटर वेगळा असे, फोकस सांभाळणारा वेगळा आणि दिव्यांची फौज सांभाळणारा गॅफर आणखी वेगळा. दिवा कुठे लावायचा, भिंग कोणतं घालायचं, चेहऱ्याची कुठली बाजू अंधारात ठेवायची हे ठरवणारा तो प्रमुख छायालेखक. पुरस्कार त्याच्या नावानं दिला जातो. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी त्यानं कॅमेऱ्याला हातही लावलेला नसेल, तरी पडद्यावरचा उजेड त्याचाच असतो.

सुवर्णकाळ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

साधारणपणे बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२७च्या सुमारापासून, ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. मी मात्र इथे १९६६पर्यंत जातो. छायालेखनापुरता काळ खऱ्या अर्थानं त्या वर्षी बदलला. का, ते पुढे येईलच.

एकाच पुरस्कारासाठी वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं वर्ष का दिलेलं असतं?

कुणी सिनेमाचं वर्ष लिहितं, कुणी सोहळ्याचं. १९३९च्या सिनेमांचा सोहळा १९४०मध्ये झाला. त्यात सुरुवातीच्या पुरस्कारांचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असं धरलेलं होतं, म्हणून १९३१-३२ अशी जोडनावं दिसतात. १९३४पासून जानेवारी ते डिसेंबर असा सरळ हिशेब सुरू झाला. या लेखात मी सिनेमाचं वर्ष धरतो.

पहिला पुरस्कार कुणाला मिळाला?

चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस या दोघांना, 'सनराइज'साठी. सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. पंधराएक मिनिटांत सगळी बक्षिसं वाटून झाली होती.

या दोघांची जोडी मोठी विलक्षण होती. रोशर हा मूकपटांतली नटी मेरी पिकफर्ड हिचा कॅमेरामन. चेहरा उजळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्ट्रस न्यूयॉर्कच्या कलात्मक छायाचित्रकारांच्या वर्तुळातून आलेला. धुकं, ओला रस्ता, संध्याकाळचा विरघळता प्रकाश हे त्याचं क्षेत्र. दिग्दर्शक मुर्नाव जर्मनीहून आला होता आणि कॅमेरा एका जागी खिळलेला त्याला मुळीच खपत नसे.

'सनराइज'मधला दलदलीचा प्रसंग एकदा लक्ष देऊन बघा. रात्रीची वेळ, वर चंद्र, खाली चिखल. शहरातून आलेल्या बाईला भेटायला नायक निघतो आणि कॅमेरा त्याच्या पाठोपाठ तरंगत जातो. झाडांना वळसा घालतो, कुंपणावरून पलीकडे उतरतो, मग फांद्या बाजूला सारून त्या बाईपाशी त्याच्या आधी पोहोचतो. ती दलदल, ते धुकं आणि तो चंद्र, सगळं स्टुडिओत उभारलेलं होतं. छताला रूळ ठोकून त्याखाली कॅमेरा टांगला होता. जवळपास शंभर वर्षांपूर्वी, आजच्यासारखी हलकी साधनं नसताना, हे त्यांनी केलं. पुरस्काराची सुरुवात इतक्या उंचीवरून झाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग पुढची तीन वर्षं दक्षिण समुद्र आणि दक्षिण ध्रुव यांनाच का?

यादी बघितली की हे लगेच डोळ्यांत भरतं. दुसऱ्या वर्षी क्लाइड डी विना, ताहितीत चित्रित झालेल्या 'व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज'साठी. तिसऱ्या वर्षी जोसेफ रकर आणि विलार्ड व्हॅन डर व्हीर, अॅडमिरल बर्डच्या अंटार्क्टिका मोहिमेवरच्या माहितीपटासाठी. चौथ्या वर्षी फ्लॉइड क्रॉस्बी, बोराबोरा बेटावरच्या 'ताबू'साठी. यांतला बर्डवरचा सिनेमा हे माहितीपटाला छायालेखनाचं ऑस्कर मिळाल्याचं एकमेव उदाहरण.

कारण शोधायचं तर आवाजाकडे बघावं लागतं. बोलपट आले आणि कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू लागली. म्हणून कॅमेरा, त्याच्या माणसासकट, काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत कोंडला. कॅमेरामन आत घामाघूम होत आणि त्या खोलीला गमतीनं 'बर्फाची पेटी' म्हणत. मुर्नावच्या कॅमेऱ्यानं मिळवलेलं सगळं स्वातंत्र्य एका फटक्यात गेलं. अशा वेळी ज्यांचा कॅमेरा उघड्या आकाशाखाली होता, त्यांचीच चित्रं जिवंत दिसली. मतदारांना निसर्गाची भुरळ पडली हे खरं, पण त्या दोन-तीन वर्षांत स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचे पाय बांधलेले होते, हेही तितकंच खरं.

मार्लेन डीट्रिचच्या चेहऱ्यावरच्या प्रकाशाला ऑस्कर मिळालं म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

१९३१-३२चा पुरस्कार ली गार्म्सला 'शांघाय एक्सप्रेस'साठी मिळाला. त्यातला डीट्रिचचा चेहरा सिनेमाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. दिग्दर्शक फॉन स्टर्नबर्ग स्वतः प्रकाशयोजनेचा जाणकार होता आणि त्यातलं बरंचसं श्रेय स्वतःकडे घेत असे. पण ऑस्करची बाहुली गार्म्सला मिळाली.

युक्ती घरी करून बघता येते. रात्री खोलीतले दिवे मालवा, आरशासमोर उभे राहा. मोबाइलची टॉर्च समोर, कपाळाच्या बरीच वर धरा आणि उजेड खाली चेहऱ्यावर पाडा. नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली पडेल. गालफडांखाली खळगे उमटतील, हाडं वर येतील. आता टॉर्च हळूहळू हनुवटीखाली आणा. तोच चेहरा भुताटकीचा होतो. हातभर अंतरात देवी आणि हडळ. डीट्रिचला स्वतःला हे गणित पक्कं ठाऊक होतं, दिवा कुठे आहे ते तिला चेहऱ्यावरच्या उबेवरून कळे असं सांगतात.

त्याच वर्षी कार्ल स्ट्रसचं 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'साठी नामांकन होतं. सभ्य डॉक्टरचा राक्षस होताना कॅमेरा न थांबवता चेहरा बदलताना दिसतो. नटाला लाल रंगानं रंगवायचं आणि भिंगापुढचे रंगीत फिल्टर सरकवत न्यायचे. कृष्णधवल फिल्मवर लाल रंग आधी दिसतच नाही, मग अचानक उमटतो. स्ट्रस हरला, पण ती क्लृप्ती बघायला तो सिनेमा अवश्य बघा.

नामांकन नसताना कुणी जिंकलं आहे का?

हो, एकदाच. १९३५मध्ये हॅल मोर, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'साठी. आदल्या वर्षी अभिनेत्री बेट्टी डेव्हिसचं नाव यादीत नसल्यानं मोठा गदारोळ झाला, तेव्हा मतपत्रिकेवर हातानं नाव लिहायची मुभा दिली गेली. ती मुभा पुढच्या वर्षीही राहिली आणि मोरचं नाव इतक्यांनी लिहिलं की तो जिंकला. १९३३च्या स्टुडिओ कामगारांच्या संपात त्यानं पुढाकार घेतला होता, तो राग धरून त्याला यादीतून डावललं गेलं, असं सांगितलं जातं. नंतर ती सोय बंद झाली. ऑस्करच्या कुठल्याही विभागात असं पुन्हा घडलं नाही.

रंगीत आणि कृष्णधवल असे दोन वेगळे पुरस्कार कधीपासून?

१९३९पासून. त्याआधी तीन वर्षं रंगीत छायालेखनाला विशेष पुरस्कार दिला जात होता. १९३६ला 'द गार्डन ऑफ अल्ला', १९३७ला 'अ स्टार इज बॉर्न' आणि १९३८ला 'स्वीटहार्ट्स'. मग नियमित दोन बाहुल्या सुरू झाल्या. त्या १९६६पर्यंत टिकल्या. मध्ये फक्त १९५७ला एकच पुरस्कार दिला गेला, तो जॅक हिल्डयार्डला 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी.

म्हणजे एकूण सत्तावीस वर्षं. माझ्या मते या पुरस्काराच्या सगळ्या इतिहासात घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. रंगीत चित्रणात छायालेखक रंगांनी माणूस आणि मागची भिंत वेगळी करतो. लाल साडी हिरव्या झाडापुढे आपोआप उठून दिसते. कृष्णधवलमध्ये ते दोन्ही करडे होतात, मग वेगळेपणा फक्त उजेडानं आणावा लागतो. खांद्यावर मागून एक तिरीप सोडायची, भिंतीवर सावली टाकायची. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, ती एका तराजूत घालता येत नाहीत. आणि अंतिम मतदान सगळे सदस्य करत असल्यामुळे एकच पुरस्कार असता, तर झगमगत्या रंगांपुढे 'द थर्ड मॅन'सारख्यांचा निभाव लागणं कठीण होतं.

रंगीत पुरस्कारावर दोन-तीन नावं का असतात?

टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या कंपनीमुळे. त्या कंपनीचा कॅमेरा विकत मिळत नसे, भाड्यानं घ्यावा लागे, आणि त्याच्यासोबत कंपनीचा माणूस येई. कॅमेऱ्याच्या पोटात भिंगामागे काचेचा लोलक असे. तो उजेड फोडून तीन वेगळ्या फिल्मवर पाठवी. तिन्ही फिल्म मुळात कृष्णधवलच, पण प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची नोंद होई. नंतर प्रयोगशाळेत तीन रंगांचे छाप एकावर एक, कापडावरच्या ठशांसारखे, बसवले जात. उजेड असा वाटला गेल्यामुळे सेटवर प्रचंड दिवे लावावे लागत. नटांच्या चेहऱ्यावरचा रंग वितळे.

स्टुडिओचा छायालेखक आणि टेक्निकलरचा माणूस असे दोघं मिळून काम करत, म्हणून दोघांची नावं. रे रेनाहन, हॉवर्ड ग्रीन, विल्यम स्कॉल ही टेक्निकलरची मंडळी यादीत सारखी भेटतात. विंटन होक हाही तिथलाच, मूळचा प्रयोगशाळेतला संशोधक. तो पुढे तीन ऑस्कर घेऊन गेला.

'गॉन विथ द विंड'चं छायालेखन एकट्या अर्नेस्ट हॅलरनं केलं का?

१९३९चा पहिला नियमित रंगीत पुरस्कार हॅलर आणि रेनाहन यांच्या नावावर आहे. पण सुरुवातीचा बराच मोठा भाग ली गार्म्सनं चित्रित केला होता, तोच 'शांघाय एक्सप्रेस'वाला. त्याला मऊ, दबक्या छटा हव्या होत्या. निर्माता सेल्झनिकला पोस्टकार्डासारखे ठसठशीत रंग हवे होते. गार्म्सला काढलं आणि हॅलर आला. श्रेयनामावलीत गार्म्सचं नाव नाही, पुरस्कारातही नाही. त्यानं टिपलेल्या फ्रेम मात्र सिनेमात आहेत.

अटलांटा जळते तो प्रसंग १० डिसेंबर १९३८च्या रात्री चित्रित झाला. जुने सेट खरोखर पेटवून दिले होते. पुन्हा संधी मिळणार नव्हती, म्हणून हाताशी असलेले सातही टेक्निकलर कॅमेरे एकाच वेळी लावले होते.

'सिटिझन केन'ला छायालेखनाचा पुरस्कार का मिळाला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. १९४१चा कृष्णधवल पुरस्कार आर्थर मिलरला 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'साठी मिळाला. 'केन'ला नऊ नामांकनं होती, हाती एकच पुरस्कार लागला, पटकथेचा.

ग्रेग टोलँडनं 'केन'मध्ये काय केलं ते एका प्रसंगात कळतं. लाकडी घर. समोर टेबलाशी आई कागदावर सही करते आहे, मुलाला परक्याच्या हवाली करण्याची. मधे बाप घुटमळतो आहे. आणि पार मागे, खिडकीच्या छोट्या चौकोनात, तो मुलगा बर्फात खेळतो आहे. त्याला काही ठाऊक नाही. आईचा हात, बापाचा चेहरा आणि लांबचा तो पोरगा, तिन्ही सारखेच स्पष्ट दिसतात. कुठे बघायचं ते आपण ठरवायचं. त्यासाठी रुंद कोनाचं भिंग, जास्त संवेदनशील फिल्म, भिंगाचं छिद्र अगदी बारीक केलेलं आणि कमी पडणारा उजेड भरून काढायला जळजळीत आर्क दिवे, असा सगळा जामानिमा होता. खालून वर बघणारा कॅमेरा छत दाखवतो, म्हणून सेटवर कापडाची छतं ताणली होती आणि मायक्रोफोन त्यांच्या वर लपवले होते.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा तो पहिला सिनेमा. टोलँडनं आपणहून त्याच्याकडे जाऊन काम मागितलं होतं. वेल्सनं त्याची परतफेड अशी केली की शेवटच्या श्रेयफलकावर आपल्या नावाबरोबर, त्याच पाटीवर, टोलँडचं नाव घातलं. असा मान तेव्हा छायालेखकाला क्वचितच मिळे.

हरण्याचं कारण निव्वळ कलेत शोधू नये. नायक आपल्यावरच बेतलाय म्हणून वृत्तपत्रसम्राट हर्स्ट त्या सिनेमावर खवळलेला होता आणि हॉलिवूडमध्ये वेल्सविषयी नाराजीही होती. पण मिलरचं काम दुय्यम होतं असं समजू नका. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातलं खाणकामगारांचं गाव, युद्धामुळे तिकडे जाणं अशक्य झाल्यावर, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात उभारलं गेलं. उतरत्या रस्त्यावरून काळवंडलेले मजूर गात घरी येतात, ते दृश्य कुठल्याही यादीत मानानं बसेल. त्या वर्षी दोघांपैकी एकाची निवड करायची झाली, तर मी तरी 'केन'ला मत दिलं असतं. टोलँडला त्याआधी १९३९ला 'वदरिंग हाइट्स'साठी पुरस्कार मिळाला होता. तो एकच. १९४८ला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

भारतातल्या कथेला छायालेखनाचं ऑस्कर मिळालं होतं, ते खरं का?

खरं, फक्त कॅमेरा भारतात आलाच नाही. १९४७चा रंगीत पुरस्कार जॅक कार्डिफला 'ब्लॅक नार्सिसस'साठी मिळाला. दार्जिलिंगजवळच्या हिमालयात एका जुन्या राजवाड्यात मठ थाटायला आलेल्या जोगिणींची ती गोष्ट. कडा, दरी, हिमशिखरं, सगळं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत, बरंचसं काचेवर रंगवलेलं. काही बागेची दृश्यं इंग्लंडमधल्याच ससेक्सची.

कार्डिफ चित्रकारांचा भक्त होता. व्हर्मीर आणि काराव्हाज्जो यांची नावं तो आदरानं घ्यायचा. त्यानं काय केलं बघा. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर जोगिणी मळकट पांढऱ्या झग्यात. डोळ्याला रंगाची भूक लागते. आणि मग एका रात्री सिस्टर रूथ झगा टाकून गडद लाल पोशाखात उभी दिसते, मेणबत्तीच्या उजेडात ओठांना लाली लावते. पडदाभर ते ओठ आणि ती लाली. रंग एखाद्या किंकाळीसारखा वापरता येतो, हे मला त्या एका फ्रेमनं शिकवलं. या सिनेमातला तरुण राजपुत्र म्हणजे म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू. १९४०चा रंगीत पुरस्कार मिळवणाऱ्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्येही तोच होता.

सगळ्यात जास्त पुरस्कार कुणाला? आणि सगळ्यात कमनशिबी कोण?

लिऑन शॅमरॉय आणि जोसेफ रुटेनबर्ग, प्रत्येकी चार. शॅमरॉयचे चारही रंगीत, रुटेनबर्गचे 'द ग्रेट वॉल्ट्झ' आणि 'मिसेस मिनिव्हर'पासून 'जीजी'पर्यंत पसरलेले. शॅमरॉयचं शेवटचं ऑस्कर १९६३च्या 'क्लिओपात्रा'साठी. १९३४च्या 'क्लिओपात्रा'साठी व्हिक्टर मिल्नरनंही हेच ऑस्कर घेतलं होतं.

शॅमरॉयची नामांकनं अठरा. चार्ल्स लँगचीही अठराच, पण त्याला पुरस्कार एकच, तोही कारकिर्दीच्या सुरुवातीला, 'अ फेअरवेल टू आर्म्स'साठी. जॉर्ज फॉल्सीला तेरा नामांकनं आणि एकही बाहुली नाही. जॉन साइट्झला सात, त्यालाही काही नाही.

काळोख्या गुन्हेगारी सिनेमांना, म्हणजे फिल्म न्वारला, पुरस्कार मिळाले का?

फार थोडे. इथे मला या पुरस्काराची खंत वाटते. १९४४ला 'लॉरा'साठी जोसेफ लाशेल जिंकला, चांगलंच झालं. पण त्याच यादीत साइट्झचं 'डबल इन्डेम्निटी' होतं. बंद पडद्यांच्या पट्ट्यांतून येणारा धुळकट उन्हाचा तुरुंग त्यानं पडद्यावर आणला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो सगळीकडे वापरला. जॉन आल्टन, काळोखाचा बादशहा, त्याला ऑस्कर मिळालं ते 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मधल्या रंगीत नृत्यासाठी. 'द नाइट ऑफ द हंटर'साठी स्टॅन्ली कोर्टेझचं आणि 'टच ऑफ ईव्हिल'साठी रसेल मेटीचं तर नामांकनही झालं नाही. 'व्हर्टिगो'चं नाही, 'द सर्चर्स'चं नाही.

एक सुखद अपवाद म्हणजे शॅमरॉयचा 'लीव्ह हर टू हेवन', १९४५. तळ्यावर लख्ख ऊन, होडीत काळा चश्मा लावलेली जीन टिअर्नी, आणि समोर बुडणारं पोर. भर उजेडात अंगावर काटा येतो.

स्टुडिओच्या बाहेर, खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेले सिनेमे कधी जिंकू लागले?

युद्धानंतर. १९४८ला विल्यम डॅनिएल्स 'द नेकेड सिटी'साठी जिंकला. आयुष्यभर ग्रेटा गार्बोचा चेहरा मखमलीसारखा उजळणारा हा माणूस न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उतरला, लोकांना कळू नये म्हणून गाडीत कॅमेरा लपवून. १९५०ला रॉबर्ट क्रास्कर 'द थर्ड मॅन'साठी. युद्धात मोडलेलं व्हिएन्ना, पाणी मारून चमकवलेले दगडी रस्ते, तिरपी फ्रेम. १९५४ला बोरिस कॉफमन 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी. होबोकनच्या गोदीतली ती थंडी खरी आहे, नटांच्या तोंडून वाफ निघते ती दिसते. कॉफमन हा सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हर्तोव्हचा सख्खा भाऊ.

वादळात चित्रीकरण केल्याची ती गोष्ट कुठल्या सिनेमाची?

'शी वोअर अ यलो रिबन', १९४९. मॉन्युमेंट व्हॅलीत आभाळ भरून आलं, विजा कडाडू लागल्या. दिग्दर्शक जॉन फोर्डनं कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं आणि विंटन होकनं उजेड पुरेसा नाही म्हणून लेखी निषेध नोंदवला, अशी आख्यायिका आहे. सगळेच ती मान्य करत नाहीत. पण जांभळ्या आभाळाखालून जाणारी ती घोडदळाची रांग पडद्यावर आहे, आणि होकला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं.

गोऱ्या पुरुषांखेरीज कुणाला हा पुरस्कार मिळाला का?

जेम्स वाँग हाउला, दोनदा. १९५५ला 'द रोझ टॅटू' आणि १९६३ला 'हड'. जन्म चीनमधल्या ग्वांगडाँगचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला. तिथल्या चिनी लोकांविरुद्धच्या कायद्यांमुळे त्याला कित्येक वर्षं नागरिकत्व मिळालं नाही. गोऱ्या लेखिकेशी पॅरिसमध्ये लग्न केलं, तर कॅलिफोर्नियानं ते १९४८पर्यंत मानलं नाही.

त्याचं नाव झालं ते एका नटीच्या डोळ्यांमुळे. मूकपटांच्या काळातल्या फिल्मवर निळा रंग पांढराफटक यायचा, त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या मेरी माइल्स मिंटरचे डोळे रिकामे दिसायचे. हाउनं कॅमेऱ्याभोवती काळी मखमल लावली. तिचं प्रतिबिंब बुबुळांत पडलं आणि डोळे गडद झाले. तिला वाटलं, या माणसाकडे जादू आहे.

स्त्रियांबद्दल सांगायचं तर सुवर्णकाळात एकही नामांकन नाही. पहिलं झालं ते रेचल मॉरिसनचं, 'मडबाउंड'साठी, २०१८च्या सोहळ्यात.

तेव्हा छायालेखनासाठी ऑस्करखेरीज दुसरे पुरस्कार नव्हते का?

गोल्डन ग्लोबनं काही वर्षं दिला. 'ब्लॅक नार्सिसस'ला तोही मिळाला. अमेरिकी छायालेखकांची संस्था १९१९ची असली, तरी तिचे स्वतःचे वार्षिक पुरस्कार १९८६ला सुरू झाले. त्यामुळे त्या काळात खरी स्पर्धा ऑस्करचीच.

दोन पुरस्कार पुन्हा एक का झाले?

रंगीत टीव्ही आला. अमेरिकी वाहिन्यांना १९६०च्या दशकाच्या मध्यात सगळं रंगीत हवं होतं. कृष्णधवल सिनेमा टीव्हीला विकायला जड जाऊ लागला, मग स्टुडिओंनी तो काढणंच थांबवलं. १९६६चा शेवटचा कृष्णधवल पुरस्कार हॅस्केल वेक्सलरला 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?'साठी मिळाला. १९६७पासून एकच. त्यानंतर कृष्णधवल सिनेमाला ही बाहुली मिळायला 'शिंडलर्स लिस्ट'पर्यंत, म्हणजे १९९३पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे 'रोमा' आणि 'मँक' यांनाही मिळाली.

यांपैकी कुणी आपल्याकडे येऊन काम केलं का?

केलं, आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याच्या विषयावर केलं. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोननं १९५३ला 'झाँसी की रानी' काढला, भारतातला पहिला टेक्निकलर सिनेमा. त्याच्या छायालेखनासाठी हॉलिवूडहून अर्नेस्ट हॅलर आला, 'गॉन विथ द विंड'चा ऑस्कर विजेता. मेहताबनं लक्ष्मीबाई साकारली. सिनेमा चालला नाही, पण 'गॉन विथ द विंड'साठी ज्याला बाहुली मिळाली, त्याच माणसानं झाशीची लढाई टिपली, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

दुसरा धागा फिल्मफेअरचा. त्यांनीही १९६०च्या दशकात रंगीत आणि कृष्णधवल असे वेगळे पुरस्कार दिले. व्ही. के. मूर्तींना 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और ग़ुलाम'साठी फिल्मफेअर मिळाला. 'कागज के फूल'मधला तो तिरपा उजेडाचा झोत त्यांनी बाहेरचं ऊन आरशांनी स्टुडिओत आणून पाडला. हॉलिवूडच्या दिव्यांच्या फौजेपुढे दोन आरसे. पुढे दादासाहेब फाळके पुरस्काराचा मान मिळालेले ते पहिले छायालेखक ठरले.

घरी टीव्हीवर हे सिनेमे बघताना काय सांभाळावं?

चित्र ताणू नका. १९५३च्या आधीचे बहुतेक सगळे सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत. डावीकडे आणि उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या घालवण्यासाठी चित्र मोठं केलं की टोलँडनं वर दाखवलेलं छत आणि खाली दाखवलेला हात, दोन्ही कापले जातात. टीव्हीचा भडक रंगांचा मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नंतर संगणकानं रंगवलेल्या आवृत्त्या टाळा. आणि खोलीत अंधार करा, पूर्ण अंधार. 'लॉरा' आणि 'डबल इन्डेम्निटी' लागोपाठच्या दोन रात्री बघा, एक जिंकलेला आणि एक हरलेला. मग १९४४ला तुम्ही कुणाला मत दिलं असतं, ते मला जरूर सांगा.